काकांची कोरडी चाचणी

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्या शेजारी राहणारे काका आठवडाभर गाड्यांचा टिकाऊपणा तपासतात आणि रविवारी डोंगरावर नेऊन आमचा. वाटेत कापलेल्या पाइनचा बुंधा दिसला की गुडघे टेकून वाढीची वर्तुळं दाखवतात. "ही दाटीवाटीची बघ. कोरडी वर्षं. वाढ आवरली म्हणून जगलं, गेनाऊ, अगदी बरोबर! लाड नकोत, थोडा ताण हवाच."

यंदा पाऊसच नव्हता, उभ्या पाइनच्या सुयाही तांबूस पडलेल्या. माथ्यावर पोचताच "उतरताना ओझं कशाला?" म्हणत काकांनी सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि खडकाआड जाऊन पाइनच्या वीतभर रोपाला पाजल्या. मी ते पाहिलं.

अर्ध्या उतारावर काकांनीच विचारलं, "अरे, घोटभर पाणी आहे का कुणाकडे?"

"लाड नकोत काका," मी म्हणालो, "थोडा ताण हवाच."