शालूबाईनं कुठं म्हणून विचारलं न्हाई

वारंगा फाट्यावर शालूबाईची चहाची टपरी अन् माझं पंक्चरचं दुकान, दोन्ही बाजूबाजूला. बारा वर्षं झाली. या बाईसमोर कोणाचंबी गुपित टिकत न्हाई, लिहून देतो मी. डायव्हर उतरला की ही त्याच्या हातात कप देती अन् एकच विचारती, घरी कोण कोण असतं. मग गप्प. तो दोन शब्द बोलून थांबतो, तरी ही मधी तोंड घालत न्हाई, नुसती बघत राहती. मग तो खरं बोलतो. नागपूरकडचा एक मिशाळ डायव्हर बायकोचं दुखणं सांगत हिच्यापुढं ढसाढसा रडला. मी तासभर त्याचं चाक खोलून बसलो होतो, मला पठ्ठ्यानं गावाचं नावबी सांगितलं न्हाई.

अन् याच बाईनं पोटच्या पोराला विचारलं न्हाई.

विकास तिचा एकुलता एक. पोलीस भरतीत दुसऱ्यांदा नापास झाला, तवापासून तोंड शिवल्यावानी झाला होता. मार्चात एका सकाळी पाठीला बॅग लावून टपरीसमोरून निघाला. येतो, म्हणाला. ये बाबा, म्हणाली ही. आमच्याकडं निघत्या माणसाला कुठं चालला म्हणून विचारत न्हाईत, विचारलं की काम बिघडतं. पोरगं कुठं नोकरीचं बघायला चाललं असंल, आपल्या तोंडानं खोडा कशाला, म्हणून बाई गप्प बसली. मीबी तिथंच होतो. त्यानं बस कोणती धरली तेबी मी बघितलं न्हाई.

तो आलाच न्हाई. हरवल्याची तक्रार द्यायला गेलो तवा पोलीस ठाण्यात साहेबानं पहिलं तेच विचारलं, कुठं जातो म्हणाला. शालूबाई खाली बघत राहिली. आई हायेस का कोण, म्हणाला तो. असं डोकं फिरलं माझं! पण करता काय, कागदावर ती जागा कोरीच राहिली.

परवा दुपारी, आठ महिन्यांनी, तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. पलीकडून "आई" एवढंच, अन् मग रडणं. आवाज विकासचाच. मी हातानं खुणा करून राहिलो, कुठं हाये विचार, बाई, पहिलं ते विचार. तिनं मलाच हातानं थांबवलं अन् डोळे मिटून ऐकत राहिली. चार मिनिटं. फोन कटला. लगेच लावला तर बंद.

मी ओरडलो तिच्यावर, खोटं कशाला बोलू. हाताशी आलेलं पोरगं घालवलंस, काहून विचारलं न्हाईस?

"रडून राहिला होता रे," ती म्हणाली. "रडत्या लेकराला मधीच कसं विचारावं? म्हणलं, रडून झालं की विचारू."

नंबर ठाण्यात दिलाय, बघतो म्हणाले. रोज दहादा तो नंबर मीबी लावतो. बंदच येतो.