नानांचे शब्द ज्यात होते तो लॅपटॉप

मालन गावडे हिने आयुष्यभर मराठी टाइपिंग केलं. दहावीनंतर मुलुंडच्या एका क्लासमधून तिने तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिल्या आणि घाटकोपरच्या एका छापखान्यात अक्षरजुळणीला बसली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, कुणाकुणाचे कवितासंग्रह. एकोणीस वर्षं तिथेच गेली. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तिला तिच्या टेबलावरचा लॅपटॉप नेऊ दिला. म्हणाले, "तो प्रोग्राम तुझ्याशिवाय कुणाला येतोय? घेऊन जा."

त्या लॅपटॉपवर जुळणीचा एक जुना प्रोग्राम होता. एका लहान कंपनीने बनवलेला. विकतानाच त्यांनी तो त्या एका मशीनला बांधून दिला होता, त्यामुळे दुसरीकडे तो चालत नसे. अक्षरंही, म्हणजे फॉन्ट, प्रोग्रामच्या आतच होती, बाहेर काढता येत नसत. मालनला त्याचं काही वाटलं नाही. मुलुंड पूर्वेच्या वन रूम किचनमध्ये, खिडकीजवळच्या शिलाई मशीनच्या टेबलावर तिने तो मांडला आणि घरून कामं घ्यायला लागली.

२०१७ साली नाना धुरी तिच्याकडे आले. वय पंचाहत्तर, गिरणीतून सुटलेले, गाव कुडाळकडचं. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सात वह्या. नानांनी चाळीस वर्षं मालवणी शब्द जमवले होते. नुसता शब्द आणि अर्थ असं नव्हे. तो कुणाच्या तोंडून ऐकला, ती बाई कुठल्या वाडीतली, तेव्हा ती काय करत होती, हेसुद्धा. अशा आणखी बावीस वह्या घरी होत्या.

"गो बाय, ह्यां टायप करशीत काय?" त्यांनी विचारलं. "माका घाई नाय."

मालनचं माहेर आणि सासर दोन्ही सिंधुदुर्गातलं. दोन्ही घरांत मोठी माणसं मालवणीच बोलत. तरी नानांच्या वह्यांतले अर्धे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. होड्यांच्या भागांचे शब्द, गुरांच्या खोडींचे शब्द, पेरणीपासून मळणीपर्यंत भाताच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द. ती अक्षर बघून अक्षर टाइप करी. अडलं की फोन करी आणि नाना फोनवर तो शब्द दोनदा, तीनदा म्हणून दाखवत.

असं सहा वर्षं चाललं. मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा नानांचा मुलगा वह्या सोसायटीच्या गेटवर ठेवून जाई. एक भाग पुरा झाला की मालन त्याचे कागद छापून नानांकडे पाठवी, नाना लाल पेनाने सुधारून परत देत, ती लॅपटॉपमध्ये दुरुस्त्या करी आणि वही व कागद दोन्ही परत करी. नाना ते सगळं दोन ट्रंकांत जपून ठेवत. २०२३ च्या दिवाळीपर्यंत चार हजारांवर शब्द झाले. राहिल्या होत्या शेवटच्या दोन वह्या, त्याही नानांकडेच होत्या.

लॅपटॉप तोवर थकला होता. बॅटरी कधीच गेली होती, चार्जर काढला की तो बंद. बिजागरी तुटल्यामुळे स्क्रीन मागे चण्याच्या डब्याला टेकवून ठेवावी लागे. पंखा घरघरत असे. मालनची मुलगी रुचिरा पवईला एका कंपनीत होती. ती दर रविवारी म्हणे, "आई, नवीन घे ना गं. मी देते घेऊन."

"नानांचं होऊ दे. मग घेऊ."

पेन ड्राइव्हवर ती दर महिन्याला सगळ्या फाइली उतरवून ठेवी. त्यामुळे तिला वाटे, मशीन गेलं तरी काम कुठे जात नाही.

जानेवारीत एका सकाळी स्क्रीन लागलीच नाही. मालन तो पिशवीत घालून मुलुंड पश्चिमेला हर्षदच्या दुकानात गेली. हर्षद तिला दहा वर्षं ओळखत होता. कीबोर्डही त्यानेच दोनदा बदलून दिला होता. त्याने मागची बाजू उघडली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू ना, बोर्ड गेलाय. तापवून बघतो, पण टिकणार नाही. माझं ऐका, दुसरा घ्या."

घरी येऊन मालनने पेन ड्राइव्ह रुचिराच्या लॅपटॉपला लावला. फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं दिसली, त्यांच्यावर टोप्या, टिंबं, मध्येच डॉलर, मध्येच कंस. नानांचं नाव कुठे होतं हेसुद्धा तिला सापडेना.

"थांब, जुन्या फॉन्टमधलं नव्यात आणायला कन्व्हर्टर असतात," रुचिरा म्हणाली. तिने इंटरनेटवरून तीन शोधून काढले. पहिल्या दोनांतून काहीच निघालं नाही. तिसऱ्याने मराठी बाहेर काढलं. मालन खुर्ची ओढून बसली आणि वाचू लागली. अर्थ बरेचसे वाचता येत होते, कारण ते साध्या मराठीत होते. कुठे वेलांटी उडालेली, कुठे रफार पुढच्या अक्षरावर गेलेला, तरी अंदाजाने लागत होतं. पण शब्दांचं काय? जो शब्द आपण कधी ऐकलाच नाही, त्याची वेलांटी गेलीय की तो तसाच आहे, हे कशावरून ओळखायचं? भाताची लोंबी अर्धी भरते तेव्हाचा एक शब्द होता. कन्व्हर्टरने त्याचं जे केलं होतं ते तोंडाने म्हणतासुद्धा येत नव्हतं.

"वह्यांवरून तपासू ना," रुचिरा म्हणाली.

मालनने नानांच्या घरी फोन केला. नानांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि नोव्हेंबरात ते सगळे भांडुपला भाड्याच्या घरात गेले होते, हे तिला ठाऊक होतं. फोन सुनेने, मानसीने उचलला.

"त्या ट्रंका का ताई?" ती म्हणाली. "खालच्या ट्रंकेला वाळवी लागली होती. दोन दिवसांत घर खाली करायचं होतं. आम्ही दोन्ही दिल्या भंगारवाल्याला. टाइप झालंय सगळं, असं बाबाच म्हणायचे ना."

मालनने फोन ठेवला तेव्हा तिचा नवरा चंद्रप्रकाश समोर चहा पीत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं.

आता लॅपटॉप दुरुस्त करणं हाच एक रस्ता होता. एकदा तो चालू झाला की सगळं छापून घ्यायचं, चार हजार शब्द कागदावर आणायचे, मग त्याचं काही होवो. चंद्रप्रकाशला ते पटत नव्हतं. "मेलेल्याक किती दिवस सलाईन लावतलंस?" तो म्हणाला. "कन्व्हर्टरचा जा ईला ता घे, बाकीचा सोड."

"चाळीस वर्षांचं काम आहे हो त्यांचं."

"तुजा न्हय मां?"

रुचिराने नव्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले पैसे मालनने दुरुस्तीला मागितले. रुचिरा चिडली, मग दिले.

हर्षदने आधी तिचा बोर्ड तापवून पाहिला. स्क्रीन एकदा लागली आणि विझली. त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका माणसाकडे मिळाला. फेब्रुवारीच्या शेवटी हर्षदचा फोन आला, "ताई, चालू झाला. या."

तिने दुकानातच बटण दाबलं. तिचा नेहमीचा स्क्रीन आला, फाइली जागच्या जागी होत्या. तिने प्रोग्राम उघडला. एक छोटी चौकट आली: या संगणकासाठी नोंदणी क्रमांक द्या.

छापखान्याच्या मालकांकडून लिहून घेतलेला क्रमांक तिच्या डायरीत होता. तो घातला. चौकट पुन्हा आली. तिने सावकाश, एकेक आकडा बघून घातला. पुन्हा तीच चौकट.

हर्षदने तिच्या खांद्यावरून वाचलं. "बोर्ड बदलला ना ताई. तो याला दुसरं मशीन समजतोय. कंपनीला फोन करा, नवा नंबर देतील."

कंपनीचा नंबर लागला तो एका प्लायवुडवाल्याला. पत्त्यावर रुचिरा स्वतः जाऊन आली, अंधेरीला. तिथे आता जिम होती. ती कंपनी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

मालन परत हर्षदकडे गेली. "माझा जुना बोर्ड द्या. दुसऱ्या कुणाला दाखवते. एकदाच चालू झाला तरी पुरे."

हर्षद म्हणाला, "ताई, जुना देऊनच तर हा घेतला. त्याशिवाय तो लॅमिंग्टन रोडवाला देत नव्हता." त्याने तिच्यासमोर त्या माणसाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की जुने बोर्ड पोत्याने वितळवायला जातात, मागच्या आठवड्यातच गेले.

"मला विचारायचं ना," मालन म्हणाली.

"तुम्ही बोलल्या असत्या तर ठेवला असता." तो खरं बोलत होता. तिला तरी कुठे ठाऊक होतं? दुकानाबाहेर येऊन ती बसस्टॉपच्या बाकावर बसली. तिची बस तीनदा आली आणि गेली. आपण काहीच केलं नसतं, तो लॅपटॉप तसाच बंद कपाटात ठेवला असता, तर आज तो बोर्ड तरी हातात असता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

शेवटचा मार्ग नाना स्वतः होते. मार्चमध्ये एका दुपारी ती कन्व्हर्टरचे कागद घेऊन भांडुपला गेली. नानांना तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं. फोनवर अलीकडे मानसीच बोले. नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली.

"नानानू, मी मालन."

"ये गो बाय, बस," ते म्हणाले. तिला हायसं वाटलं.

तिने पहिला शब्द वाचला. "होय, बरोबर आसा," नाना म्हणाले. दुसरा वाचला. "बरोबर." ती पेन्सिलीने खुणा करत गेली. वीस शब्द झाले, तीस झाले, एकाही शब्दाला ते अडले नाहीत. तिच्या मनात शंका आली. उन्हाळी भातशेतीला वायंगण म्हणतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कागदावर तो शब्द बरोबर उमटला होता. तिने मुद्दाम चुकीचा वाचला. "वाडगण."

"होय," नाना म्हणाले. "बरोबर आसा."

तिने आणखी एक वाचला, ज्याला काही अर्थच नव्हता. नानांनी मान हलवली. मग तिच्याकडे बघून हसले आणि विचारलं, "तुजो गाव खंयचो?"

मानसी दारात उभी होती. "चार महिने झाले ताई असं," ती हळू आवाजात म्हणाली. मालनने कागद आवरले. निघताना नानांनी तिचा हात धरला आणि पुस्तक कधी येणार असं विचारलं. "होतला, नानानू," ती म्हणाली.

घरी येऊन ती कामाला लागली. रुचिराने हप्त्यांवर नवा लॅपटॉप आणून दिला होता. त्यावर तिने स्वतःला पक्के ठाऊक असलेले, नाहीतर गावच्या चुलत सासूला फोन करून ज्यांची खात्री करता आली, तेवढेच शब्द नव्याने टाइप केले. बहुतेक घराघरातले, कुणालाही येणारे. होड्यांचे सगळे गेले, गुरांचे गेले. ऑगस्टपर्यंत अकराशे नव्वद झाले आणि त्यापुढे एकही वाढेना.

नाना सप्टेंबरात गेले. बाराव्याला मालन भांडुपला गेली. बोलावणं व्हॉट्सॲपवर आलं होतं, नातवाने मोबाइलवर बनवलेलं, नानांच्या फोटोखाली गावाचं नाव. त्या नावात एक काना कमी होता. मंडपात तेच मोठं करून लावलं होतं. मालन त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहिली. आयुष्यभर असलं काही दिसलं की तिने सांगितलं होतं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पानावर बसली, जेवली आणि मानसीचा निरोप घेऊन निघाली.

पुढच्या रविवारी रुचिराने विचारलं, "आई, जे झालंय ते तरी छापू या का? छोटं पुस्तक होईल."

"ते शब्द सगळ्यांनाच येतात गं," मालन म्हणाली. "त्यासाठी नाना फिरले नव्हते."

रुचिराने पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीच्या आधी एका मंडळाचा माणूस स्मरणिकेचं काम घेऊन आला, तेव्हा मालनने त्याला दारातूनच सांगितलं की आता मी कामं घेत नाही. तो म्हणाला, बरं, मग मोबाइलवर बोलूनच टाइप करून घेतो.