नियमनाना आणि हिरवा केलेला पोपट

नियमनाना माणसाशी सगळ्यात शेवटी बोलत. कोणी बैल हाकत चाललेला असो की कोणाच्या मोटारसायकलीवर काचेच्या बरणीत मासे असोत, नाना वाकून आधी त्या जिवाला विचारायचे, "काय रे, जेवना का?" मग मालकाकडे बघून, "कागद शे का?" आणि हे दोन्ही झाल्यावर, "तुन्हं नाव काय शे, भो?" ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते चिडत. ज्यांना ठाऊक होतं ते लांबूनच ओरडत, "नाना, जेवना तो, कागद घरी शे!"

विसरवाडीच्या हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात मी स्वयंपाकी आहे. नाना तिथे रोज सकाळी चहाला येत. मूळचे रनाळ्याचे. सारी नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी जनावरांच्या नियमांचा नाद लावून घेतला. नवा नियम आला की नेटकॅफेतून छापून आणायचा आणि चार घड्या करून खिशात ठेवायचा. खिसा नेहमी फुगलेला. लोक त्यांना कासवं दाखवायला आणत. नाना चष्मा वर करून सांगत, "पाठवर चांदन्या? मंग हाऊ आपला शे, घरमा ठेवाना नही, वनखाताले दे." दुसरं आलं की, "कानजोडे लाल पट्टा? हाऊ परदेशी. तुन्हाकडेच ठेव, पन नदीमा सोडू नको. बाकीनास्नं खाई जाई." आलेला माणूस कासवाकडे असा बघायचा, जणू ते आत्ताच विमानातून उतरलंय.

मला मात्र कागद म्हटलं की घाम फुटतो. मी जतकडचा. सातवीत शाळा सुटली, सुरतेच्या खानावळीत भांडी घासता घासता फोडणी शिकलो, आणि तिथून इकडे आलो. इथली बोलीसुद्धा मला वर्षभर नीट कळत नव्हती. इंग्रजी कागद दिसला की वाटतं, यात माझ्याविरुद्धच काहीतरी लिहिलंय. नाना मला "महाराज" म्हणत, इकडे स्वयंपाक्याला सगळेच म्हणतात. पण नाना म्हणाले की मान ताठ व्हायची.

सुरतेचे एक कापडवाले काका दर आठवड्याला गाडी थांबवून आमच्याकडे जेवत. त्यांच्याजवळ एक राखाडी पोपट होता, शेपूट लालभडक, नाव हीरो. मी त्याला हिरवी मिरची द्यायचो, तो माझ्याच हातून घ्यायचा. काका मुलीकडे परदेशी राहायला निघाले, तेव्हा पिंजरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बीजा कोईना हाथे ए खातो नथी." दुसऱ्या कोणाच्या हातून तो खात नाही. ते गेले आणि मी कोणाचा तरी झालो. म्हणजे तो माझा झाला म्हणायला हवं, पण मला तसं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात कोणीतरी मोबाईलवर दाखवलं, परदेशी पक्षी नोंदवला नाही तर जप्त होतो. माझी झोप गेली. त्यात सकाळी हॉटेलचे शेठ म्हणाले, "महाराज, आज दुपारले वनखाताना साहेब जेवाले ई ऱ्हायनात, भाजी चांगली कर." मी भाजीकडे बघितलं. पालक होता. गल्ल्यावर शेठचा मिठ्ठू पिंजऱ्यात शीळ घालत बसला होता, अकरा वर्षं तसाच, हिरवागार, गावातला. त्याला कधी कोणी कागद विचारला नव्हता. (नाना विचारत, पण शेठ हसून चहा पाठवत.) माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पालक वाटला, गाळला, आणि हीरोला त्या रसाने चोळून काढला.

तो हिरवा झाला नाही. भिजलेल्या गोणपाटावर शेवाळ आल्यासारखा झाला, आणि शेपूट लालची लालच. वर तो स्वतःला चाटून बघायला लागला. एवढ्यात नाना स्वयंपाकघरात आले. सवयीप्रमाणे वाकले, आणि तसेच थांबले.

"महाराज, याले काय व्हयनं?"

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. परदेशीला कागद लागतो, देशीला लागत नाही, म्हणून देशी केला.

नाना खाली बसले. आधी वाटलं त्यांना काही झालं. मग पोट धरून हसायला लागले, चष्मा पडला तरी हसणं थांबेना. "अरे बाबा! याले घरमा ठेवता येस, फक्त नोंद कराले लागस. हिरवाले तर ठेवतास येत नही! तू कायदाना पोपट धरा आनी गुन्हाना करी टाका!"

मग त्यांनी कोमट पाणी मागवलं. साहेब बाहेर पालकाची भाजी खात असताना आत आम्ही दोघं पोपट धूत होतो.

साहेबांना नानांनीच आत बोलावलं. हीरो जातो की राहतो, एवढंच माझ्या डोक्यात. साहेबांनी त्याच्या ओल्या अवताराकडे बघितलं, कारण ऐकलं, आणि तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाले, ज्याने दिला त्याने कळवायचं, ज्याने घेतला त्याने कळवायचं, उशीर करू नका. जाताना त्यांची नजर गल्ल्यावरच्या मिठ्ठूकडे गेली. शेठचा चेहरा पडला.

मिठ्ठूला स्वतःहून द्यायला नानांनी शेठला दोन दिवस समजावलं. शेठ चिडले होते. "हाई कसा न्याव शे, नाना? बाहेरना पाहुना ऱ्हास, आनी गावना जास?"

नाना शांतपणे म्हणाले, "गावनाले बाहेर थवा शे, शेठ. हाऊ बिचारा उडी जाई तं कोनाकडे जाई? याले आठे कोनी नही, म्हनीसन याले कागद."

मी कांदा चिरत होतो. चिरतच राहिलो. त्या दिवशी गरजेपेक्षा दोन किलो जास्त चिरला गेला.

मिठ्ठू गेला. पुढे वनरक्षकाने जेवता जेवता सांगितलं, मोठ्या जाळीत उडायला शिकला आणि एका सकाळी थव्याबरोबर निघून गेला. त्या दिवशी शेठने सगळ्यांना जिलबी दिली आणि डोळे पुसत म्हणाले, धूर जास्त शे.

हीरोचा अर्ज भरायला नाना मला नेटकॅफेत घेऊन गेले. सुरतेच्या काकांना परदेशात फोन लावला, त्यांनी त्यांच्याकडून कळवलं. पत्त्याच्या रकान्याशी मी अडलो. जतचा लिहू का? मी आज ना उद्या परत जाणारच होतो, गेली सहा वर्षं.

"पोपट जतले शे का?"

"नाही."

"मंग? जठे तो जेवस, तठला पत्ता."

कागद आला तेव्हा नानांनी तो हॉटेलात उभं राहून लग्नपत्रिकेसारखा मोठ्याने वाचला. पक्ष्याची जात, मग माझं नाव, आधी 'श्री' लावून, आणि मुक्काम विसरवाडी. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. या गावात माझं नाव असलेला तो पहिला कागद. मी तो आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायला गेलो आणि इंग्रजीत असल्यामुळे नुसताच तिला दाखवत राहिलो. ती म्हणाली, "शिक्का छान आहे रे."

यंदा नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना नाशिकला न्यायला आली. बस लागली होती. नाना काठी टेकत थेट स्वयंपाकघरात आले, माझ्या पिठाने माखलेल्या हातांपुढे चिठ्ठी धरली. नाशिकचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

"हाई काय, नाना?"

"मुक्काम बदलना का कळावनं पडस," नाना म्हणाले. "आनी तुन्हाशिवाय आठे मी कोनाकडे नोंद करू?"

बाहेर कंडक्टर घंटी वाजवत होता. मी हात धुतले, चिठ्ठी हीरोच्या कागदाच्या पाकिटात ठेवली, आणि त्यांची पिशवी उचलून बसपर्यंत गेलो.