ओरिनच्या बापाचं ताट

ओरिन हालव्हर्सननं एक कादंबरी लिहिली. समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली आणि वाचकांनी हात लावला नाही. मग दोन वर्षांपुरतं म्हणून तो मिनेसोटाहून बरबँकला आला आणि आमच्या टीव्ही मालिकेत लेखक झाला. पैसा साठवायचा आणि दुसरी कादंबरी निवांत लिहायची, असं त्याचं ठरलं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं हेच ठरलेलं असतं. त्याच्या दोन वर्षांची चौदा झाली.

आम्ही आठ लेखक एका खोलीत बसून फळ्यावर कार्डं टोचत कथा रचायचो. गाडी अडली की प्रत्येकानं आपल्या घरातलं काहीतरी काढायचं. घटस्फोट, आईची दारू, काहीही चालायचं. खोलीत बोललं गेलेलं मालिकेचं होतं, आणि भागावर लेखक म्हणून नाव लागायचं ते पाळी असेल त्याचं. ओरिन हुशार. तो सॅलड चिवडत गप्प बसायचा.

नवव्या भागाला आम्ही तीन दिवस अडलो. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं तेही त्याच आठवड्यात ठरणार होतं. आमची मुख्य लेखिका ग्लेंडा वैतागून म्हणाली, "काय रे कादंबरीकार, पगार इथला घेतोस आणि माल पुस्तकासाठी झाकून ठेवतोस होय?"

सगळे हसले. मीही हसलो, याची मला आज लाज वाटते.

ओरिननं सांगून टाकलं. आई घर सोडून गेल्यावर त्याचा बाप, एकेकाळचा बोटीवरचा आचारी, अकरा वर्षं रोज संध्याकाळी तिचं ताट मांडायचा. जेवणं झाली की ते कोरडं ताटही घासून ठेवायचा. पोरांशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

ग्लेंडानं कार्ड लिहून टोचलं. पाळी माझी होती. त्या भागाला बक्षीस मिळालं, आणि ओरिननं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी त्याची कादंबरी एकदाची पुरी झाली. न्यूयॉर्कच्या संपादकानं कळवलं, लिखाण उत्तम आहे, पण ताटाचं प्रकरण त्या गाजलेल्या मालिकेतून उचललंय, ते गाळा. अख्खी कादंबरी त्या ताटाभोवती उभी होती.

ओरिन माझ्याकडे आला. कॉफीला हातही न लावता म्हणाला, "तू फक्त दोन ओळी लिहून दे, वेस. ते ताट माझ्या बापाचं होतं, एवढंच. बक्षीस राहू दे तुझ्याकडे."

"देतो की," मी म्हणालो.

याला पाच महिने झाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. बक्षीस मिळालं त्या आठवड्यात एका वार्ताहरानं विचारलं होतं, हे सुचलं कुठून. मी डोळे पुसत सांगितलं की तो माझा बाप. ते छापून आलंय, फोटोसकट.

माझा बाप फ्रेस्नोला असतो. रोज संध्याकाळी माझ्या आईसमोर बसून जेवतो.