खिडकीखालच्या कपाटावरचा पहारा

वाचनालय चालवणाऱ्या बाईंना सगळे फौजदारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. पुस्तक परत आलं की बाई आधी ते झटकत, मग पानांचा वास घेत आणि मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "हे पान कोणी दुमडलं?" असं त्यांनी विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

सगळ्यांत कडक पहारा होता खिडकीखालच्या कपाटावर. त्यात वाळवंटातल्या साहसाच्या जुन्या कादंबऱ्या होत्या. परमुलखातून आलेले, खोट्या नावानं पलटणीत भरती झालेले शिपाई, वाळूतले किल्ले, तहान, बंडाळी. नव्या कादंबऱ्या यायच्या नि धूळ खात पडायच्या. ही पुस्तकं मात्र कायम कुणाच्या ना कुणाच्या घरी. पुन्हा पुन्हा बांधून आणली तरी खिळखिळी व्हायची.

बाईंनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ हीच पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचा आणि एका सकाळी दाढीचं सामान तेवढं घेऊन घराबाहेर पडला, तो गेलाच. तेव्हा वाचनालय वडील चालवायचे. त्यानंतर ते मरेपर्यंत त्या कपाटाकडे पाठ करून बसले. बाईंच्या मनानं तर तेव्हाच घेतलं होतं, की या कपाटाला हात लावणारा माणूस घर सोडायच्या बेतात असतो.

म्हणून लिफ्टवाल्यांवर त्यांची नजर गेली. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेला, आता निवृत्त झालेला हा अबोल माणूस एकच पुस्तक न्यायचा, परत आणायचा नि पुन्हा तेच मागायचा.

"हे तर तुम्ही मागं नेलं होतंत."

"हो."

"मग?"

"पुन्हा हवंय."

बस्स, एवढंच. पुढं एकदा त्यांनी नकाशांचं पुस्तक मागितलं. मग पायात जाड तळाचे नवे बूट दिसले. आठवड्याच्या सुट्टीला त्यांनी सरळ लिफ्टवाल्यांचं घर गाठलं.

लिफ्टवाले बाहेर गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीशी पलंगावर त्यांची बायको उशांना टेकून बसली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं चालणं बंद झालं होतं, हे बाईंना तिथे गेल्यावर कळलं. तेव्हा तर त्यांना जास्तच चीड आली. अशा बाईला टाकून जाणार हा माणूस!

"वहिनी, रागावू नका, पण तुमच्या मिस्टरांवर लक्ष ठेवा."

"का? काय केलं त्यांनी?"

"अजून काही नाही. पण ती पलटणीची पुस्तकं, नकाशे, ते बूट... लक्षणं ठीक नाहीत."

वहिनी इतक्या हसल्या की पलंग कुरकुरला. "ते पळून जाणार? अहो, दूध आणायला निघाले तरी माघारी येऊन दाराची कडी बघतात! बूट जावयाचे आहेत, त्यांना चावतात म्हणून इकडे आले. आणि पुस्तकं माझी. मला वाचून दाखवतात."

"तुम्हाला?" बाईंचा विश्वास बसेना. "ही मारामारीची?"

"मला बघायला येणारा जो तो मनःशांतीची पुस्तकं घेऊन येतो. शांतीच शांती आहे इथे, दिवसभर छत बघायचं. त्या शिपायांबरोबर मी चालते तरी. टाचांना फोड येतात, घशाला कोरड पडते. आणि तिथे कुणी विचारत नाही, आज कसं वाटतंय म्हणून."

तरी बाईंचा संशय काही जाईना. "तेच तेच पुस्तक कशाला मग?"

"त्यात विहिरीचा दोर कुणीतरी कापतो. लेखक म्हणतो, आचाऱ्यानं. मला नाही पटत."

"आचारीही तेच पाणी पितो ना?" बाई ताडकन म्हणाल्या. "तो कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेईल?"

वहिनी उशा सोडून ताठ बसल्या. "तेच तर!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी टेबलाशी बसून ते पुस्तक उघडलं. समोर माणसं ताटकळली, बाईंना पत्ता नाही. एका पानावर दोन शिपाई तटावर बसून आपापल्या घरातल्या आवाजांची नक्कल करत होते. आईची हाक, धाकट्या बहिणीचं भोकाड. बाईंनी पुस्तक मिटलं. भाऊ असा कुठे बसला असेल का? माझ्या रडण्याची नक्कल करून कुणाला हसवलं असेल का? सांगणारं कोणी नव्हतं. भावावरचा राग होता तसाच राहिला; पुस्तकांवरचा मात्र ओसरला. त्यांनी नाक पुसलं आणि पुढचं प्रकरण काढलं, कारण दोर कापणारा अजून मोकळा होता.

पुढच्या सुट्टीला त्या वहिनींच्या दारात हजर. "दोर सार्जंटनं कापला," चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या.

"छे! डॉक्टरनं."

लिफ्टवाले चहा घेऊन आले. "अहो, पण लेखकानंच लिहिलंय ना, आचारी म्हणून?"

"लेखकाचं काय सांगता?" बाई म्हणाल्या. "तोही कुणाला तरी पाठीशी घालत असेल."

मग दर सुट्टीला हेच. लिफ्टवाले वाचत, दोघी त्यांना सारख्या थांबवून कोण खरं नि कोण खोटं याचा कीस पाडत. आचारी बिचारा सुटला. सार्जंट की डॉक्टर, यावरून मात्र दोघींचं एकदाही जमलं नाही.