मागून आणलेलं झबलं

माझ्या आधी माझ्या मायची तीन लेकरं गेली. एकही वर्षाचं झालं नाही. म्हणून मी जन्मले तेव्हा गावातल्या सुईणीनं तिला सांगितलं, की हिच्या अंगाला नवं कापड लावू नको. लोकांकडून मागून आणलेल्या चिंध्यांचं झबलं घाल, म्हणजे हिच्यावर कोणाची नजर पडणार नाही. माय सात घरं फिरली, सात चिंध्या आणल्या आणि त्यांचं झबलं शिवलं. पाच वर्षं मी तेच घालायचं होतं. सोडा-साबण लावायचा नव्हता, कारण लावला तर ती सात घरं धुऊन जातात असं सुईणीचं म्हणणं होतं. तळ्याच्या पाण्यातून काढायचं, एवढंच. मी वाढले तसे त्याला कडेनं आणखी तुकडे लागत गेले, तेही मागूनच आणलेले.

आमचं गाव नागभीडजवळ, तळ्याच्या काठी. आम्ही मासे धरणारे, त्यामुळे वासाचं आम्हाला काही वाटत नसे. पण त्या झबल्याचा वास मला सहन होत नसे. त्यात घाण्यावरच्या माणसाच्या धोतराचं खवट तेल होतं, कुणा बाळंतिणीच्या लुगड्याचं आंबलेलं दूध होतं. सगळ्यात वाईट तुकडा पोटावर आला होता. तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतराचा. त्याच्या दोन्ही पायांना इसब होता. दिवसभर तो ओट्यावर बसून खापराच्या तुकड्यानं पाय खाजवायचा आणि पाणी सुटलं की धोतराच्या सोग्यानं टिपायचा. माय एकदा सहज बोलून गेली, की हे कापड त्याचंच. तेव्हा मी चार वर्षांची असेन. त्या दिवसापासून मी पोट आत ओढून चालू लागले. जेवताना मान खाली गेली की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

एका दुपारी मी झबल्यात दगड बांधला आणि ते तळ्यात टाकलं. उघडीच घरी आले, हरवलं म्हणून सांगितलं. माय त्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ते बाच्या जाळ्यात आलं. शेवाळानं बुळबुळीत झालेलं, शिवणींत काळा गाळ, एका बाहीत जळू. बा ते काठावर फेकून देणार होता. मायनं त्याच्या हातातून ओढलं, जळू काढून टाकली, तिथंच पिळलं आणि ओलंच माझ्या डोक्यातून घातलं. मी त्याच्यावरच ओकले. तिनं तेही ओंजळीनं पाणी मारून धुतलं.

"मले आवडते का हे?" ती म्हणाली. "तू जित्ती आहेस नं? मंग घाल."

पाच वर्षं झाल्यावर मला परकर-पोलकं मिळालं. झबलं तळ्यात सोडून द्यायचं होतं, पण मायच्यानं ते होईना. तिनं ते आढ्याला टांगून ठेवलं. येता-जाता माझ्या डोक्यावर ते लोंबायचं, आणि मी वाकून जायची.

मी दुसरीत असताना शहरातून एक गृहस्थ जीप घेऊन आले. ते संग्रहालयासाठी गावोगावच्या जुन्या वस्तू गोळा करत होते. आमच्याकडे आले ते मासे धरायची टोपली पाहायला. पण त्यांची नजर आढ्याकडे गेली. त्यांनी झबलं उतरवून घेतलं, उजेडात धरलं आणि त्यावरून हात फिरवत राहिले. तो हात पोटावरच्या तुकड्यावरून गेला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते मागू लागले. माय नाही म्हणाली. मग त्यांनी बराच वेळ समजावलं, की ते कुलपात राहील, त्याला कसर लागणार नाही, तुमच्या मागंही ते टिकेल.

"दुसऱ्या लेकराले तं नाई घालणार?" मायनं विचारलं.

ते नाही म्हणाले. तेव्हा तिनं स्वतः घडी घालून दिलं. जीप निघून गेली तशी मी पाठ ताठ करून घरात फिरले.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेची सहल शहरात गेली. संग्रहालयाच्या एका काचेच्या कपाटात ते होतं. दोन्ही बाह्या पसरून टाचण्या मारलेल्या, वर दिवा. खाली लिहिलं होतं, 'बालकाचा अंगरखा, चांदा जिल्हा. रंगीत तुकड्यांची शोभिवंत जोडणी.' मुली किती छान, किती छान म्हणत होत्या. एकीनं तर काचेला गाल लावला. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, की बघा, गरिबालाही सौंदर्याची आवड असते. मग त्यांनी आम्हाला ती नक्षी वहीत उतरवून घ्यायला लावली. मीही काढायला बसले. गळा काढला, बाह्या काढल्या. पेन्सिल पोटाजवळ आली आणि घशाशी आंबट आलं. वही तिथंच टाकून मी बाहेर नळावर गेले. बाई मागून आल्या. मी म्हटलं, गाडी लागली. खरं सांगितलं असतं तर सगळ्या वर्गानं माझ्या पोटाकडे पाहिलं असतं.

दिवाळीच्या सुटीत मी मायला सांगितलं, की ते झबलं अजून आहे. ती विळीवर माशांचे खवले काढत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "मले दाखवशील?"

मी म्हटलं, ते लोकांना दाखवत नाहीत, पेटीत ठेवलंय.

"बरं झालं," ती म्हणाली. "कोणाची नजर नाई पडत मंग." आणि पुन्हा खवले काढू लागली.

मी खोटं बोलले, कारण त्या कपाटासमोर तिच्या शेजारी उभं राहायची माझी तयारी नव्हती. ती रडली असती, काचेला हात लावला असता, आणि लोकांनी आम्हा दोघींना पाहिलं असतं. पुढं मी त्याच शहरात नोकरी केली, मायला महिना महिना आणून ठेवलं, पण ती जाईपर्यंत तिथं नेलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. पण ते कापड आठवलं की आधी तोंडात आंबट पाणी येऊन मळमळतं, वाईट वाटायचं ते त्यानंतर.