दादाच्या द्राक्षांची पहिली वाईन

विंचूरच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी लावलेली. खायची हिरवी द्राक्षं, लांब मण्यांची. लागोपाठ दोन उन्हाळे विहीर आटली, टँकरच्या पाण्यावर बाग जगवावी लागली, तेव्हा दादाने निम्म्या वेली उपटून तिथे इटलीतल्या सिसिली बेटावरचं काळं द्राक्ष लावलं. कमी पाण्यात तग धरणारं, वाईनचं. वेली उपटल्या त्या दिवशी अण्णा घराबाहेर आले नाहीत. पुढे ते दादाशी बोलेनासेच झाले. काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला, "आपल्या द्राक्षांची वाईन आलीय. रविवारी ये."

मी नाशिकहून गेले. वायनरीने त्याला एक बाटली दिली होती. अण्णा माळकरी, त्यामुळे दादा मागच्या पडवीत जाऊन बसला होता, चोरी केल्यासारखा. वहिनीने सरबताचे पेले आणले.

मी आजवर चाखलेल्या एक-दोन वाईन गोडसर होत्या. ही तशी नव्हती. आधी तोंडात तुरटपणा पसरला, कच्चं करवंद चावल्यासारखा. मग सावकाश पिकल्या जांभळाची चव आली आणि घोट गिळल्यावरही रेंगाळली. दादा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"तुरट आहे," मी म्हणाले. "पण अजून दे."

तो हसला. "पाणी कमी पडलं की मणी बारीक राहतो, साल जाड होते. सगळी चव त्या सालीत."

मला वाटलं, इतकी वर्षं आम्ही मणी फुगावा म्हणून धडपडलो. बारीक राहण्यातही काही असतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा दारात आले. त्यांनी दादाचा पेला उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला. आणि सरळ दादालाच विचारलं, "पाणी किती दिलं ह्याला?"

"जुन्या बागेच्या निम्म्याहून कमी."

"आन् टँकर?"

"एकही नाही, अण्णा."

अण्णांनी पुन्हा वास घेतला. "वास चांगला हाय. मी घेणार नाय."

"नका घेऊ."

"मणी खाल्ले व्हते मी. काढणीच्या आधी, तू नव्हता तवा." त्यांनी पेला खाली ठेवला. "साल जाड, बी मोठी. बाजारात कोणी हात नाय लावायचं. पण लय गोड."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत आत गेली.

मग अण्णांनी चपला घातल्या. "चल, दाखव मला. छाटणी कशी केली ती." दोघं बागेकडे निघाले. थोड्याच वेळात तिकडून त्यांच्या भांडणाचा आवाज ऐकू आला.

उरलेल्या हिरव्या वेली काढायला अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. दादाही घाई करत नाही.